एकदाच विकत घेतलेला

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. डिसेंबर महिना, कडाक्याची थंडी. त्या थंडीत मी विद्यापीठाच्या स्थापत्य विभागात आलो.

मी एक डोंगल आहे. अंगठ्याएवढा, करड्या रंगाचा. कॉम्प्युटरच्या पाठीमागे मला घट्ट बसवायचे, मगच पुलांचे आणि इमारतींचे गणित करणारा प्रोग्रॅम उघडायचा. मी नसलो तर पडद्यावर दोनच शब्द. परवानगी नाही. असा माझा रुबाब.

मला फारसे बोलता येत नाही. 'हो' आणि 'नाही', एवढेच शिकवून मला पाठवले. तेवढ्यावर आयुष्य काढले. मान कधी खाली घालावी लागली नाही.

विद्यापीठाने मला एकदाच विकत घेतले. पुन्हा कोणी पैसे मागायला आले नाही. घेतलेली वस्तू घेणाऱ्याची, असा तेव्हाचा व्यवहार.

मी एकटा, म्हणून प्रोग्रॅम एकाच कॉम्प्युटरवर चालायचा. मुले मात्र वर्गभर. तेव्हाच्या सरांनी शिस्त लावली. पुलाचे गणित आधी हाताने कागदावर करायचे, मग माझ्यापाशी येऊन ताडून बघायचे. कोरा कागद घेऊन आलेल्याला सर दारातूनच परत पाठवत. "तू स्वतः काही डोकं चालवलंस का? नाही ना? मग यंत्राला कशाला त्रास?" मुले कुरकुरायची. पण शिकली. त्यांनी बांधलेले पूल आज उभे आहेत. त्यातला थोडा मान माझा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

त्या मुलांत एक चिमणी होती. तोंड बंद नसायचे, म्हणून प्रयोगशाळेच्या मामांनी हे नाव ठेवले. पुढे ती त्याच विभागात शिकवायला लागली. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. मामा मात्र चिमणीच म्हणत.

मग कंपनीने नवा प्रोग्रॅम काढला. तो इंटरनेटवरून चालणार, डोंगल नको. फक्त दरवर्षी भाडे भरायचे. पहिल्या वर्षी भाडे इतके कमी, की सगळे खूश. जुने कॉम्प्युटर भंगारात काढले. मी एकाच्या पाठीला तसाच चिकटलेला. कोणाला आठवलो नाही.

भंगाराची गाडी आवारात उभी होती. मॅडम जिना उतरून धावत आल्या, ढिगात हात घातला आणि मला उपसून काढले. पत्र्याने तळहात चिरला.

"अगं चिमणे, रक्त येतंय! त्या एवढ्याशा खुंट्यापायी?" मामा ओरडले.

"मामा, हा आपला आहे. आता येईल ते सगळं भाड्याचं."

तो कॉम्प्युटरही त्यांनी परत वर आणवला आणि आपल्या टेबलाखाली ठेवला. एक प्राध्यापक हसले. "मॅडम, संग्रहालय काढताय का?" मॅडमनी मला टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवले. ते रक्त माझ्या अंगावर वाळले होते. मी ते विसरणाऱ्यातला नाही.

ड्रॉवरमध्ये वर्षे गेली. सुकलेली पेने आणि तुटके रबरबँड शेजारी. मला आराम आवडत नाही. पण कान उघडे होते. भाडे दरवर्षी वाढत गेले. सगळी मुले त्याच प्रोग्रॅमवर शिकलेली, दुसरा कोणाला येत नव्हता. कंपनीला हे ठाऊक होते.

त्यात मुलांनी घोळ केला. एका वेळी ठराविक जणांनाच प्रोग्रॅम उघडता यायचा. मग जो तो आपली जागा अडवून ठेवू लागला. प्रयोगशाळेत उघडायचा, खोलीवर उघडायचा, ग्रंथालयात उघडायचा, आणि तसाच चालू ठेवून चहाला जायचा. कंपनीच्या माणसाने फोन केला.

"मॅडम, तुमचा वापर तिप्पट झालाय. भाडंही तिप्पट होईल."

"अहो, माझा वर्ग आहे तेवढाच आहे! माणसं तिप्पट कुठून आणू?"

"आमच्याकडे उघडलं म्हणजे वापरलं."

विद्यापीठाचे वित्त अधिकारी वैतागले. "ग्रंथालयाचं छप्पर गळतंय. छपराला एकदा पैसे दिले की छप्पर आपलं होतं. ह्यात आपलं काय होतं, सांगा?" त्यांनी पैसे दिले नाहीत. भाडे थकले, प्रोग्रॅम बंद पडला. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर आली होती. ती बुडाली असती तर अख्ख्या वर्गाचे वर्ष गेले असते.

मॅडमनी ड्रॉवर उघडला.

मामांनी जुन्या कॉम्प्युटरची धूळ झटकली. मला मागे बसवले. मुले भोवती जमून हसत होती. "आजोबा उठतात का बघू!"

पडद्यावर आले: परवानगी नाही.

हसणे थांबले. तो माझा शब्द नव्हता. धुळीने माझ्या पिना धरल्या होत्या. मॅडमनी मला काढले, रुमालाने एकेक पिन पुसली, पुन्हा दाबून बसवले.

मी म्हणालो, हो.

"आता ऐका," मॅडम मुलांकडे वळल्या. "हा एकच आहे. आधी कागदावर, मग इथे."

"मॅडम, हाताने? सगळंच?"

"सगळंच. आणि जागा अडवून चहाला गेलात, तर चहा तिकडेच प्या."

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक कपाळाला आठ्या घालून बसले. एका मुलीचे कागदावरचे उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर जुळेना. परीक्षकांनी विचारले, "चूक कोणाची?" मुलीने कागद पुन्हा तपासला. "सर, कागद बरोबर आहे. यंत्राला पुलाचा एक आधार सांगायचाच राहिला." तिने तो आधार घातला. उत्तर जुळले. परीक्षकांच्या आठ्या गेल्या.

"यंत्राला चुकीचं सांगितलंय हे ओळखणारी मुलं मी बऱ्याच दिवसांनी बघितली," ते म्हणाले.

दिवसभर मुले येत होती, मी हो म्हणत होतो. एकदाही अडखळलो नाही. सगळा वर्ग पास झाला.

ज्यांच्या हाती विद्यापीठे आहेत त्यांना माझे एकच सांगणे आहे. घेण्याआधी विचारा, हे आपले होणार का.

मुले गेल्यावर मॅडमनी मला काढून तळहातावर घेतले. पत्र्याचा वण अजून तिथे होता. मी त्या वणावर टेकलो.

फिटले.