क्लचप्लेट कुणी जाळली?

मित्रांनो, मी एक जुनी, लाल रंगाची, दोघांपुरतीच जागा असलेली स्पोर्ट्स कार आहे. म्हातारी म्हणू नका, मला राग येतो! जपानमधल्या उवाजिमाच्या समुद्राकाठी कुरोइवांच्या घरी मला तीस वर्षं झाली.

मी कारखान्यातून आले तेव्हा इसोजी कुरोइवा ऐन चाळिशीत होते. संत्र्यांच्या बागेचा चढ मी असा काही चढायचे, की माणसं हातातलं काम टाकून बघत राहायची. दर रविवारी आंघोळ, मऊ फडक्यानं पुसणं, काय लाड होते माझे! शेजारी त्यांच्या पत्नी चिझुरूबाई बसायच्या, मांडीवर भाताच्या मुटक्यांचा डबा घेऊन. परवाना त्यांच्याकडेही होता, आणि तोही सोनेरी पट्टीचा. वर्षानुवर्षं एकही गुन्हा नसला की तसा मिळतो. पण बाईंनी गाडीच चालवली नाही, तर गुन्हा कुठून होणार? इसोजी त्यावरून त्यांना भारी चिडवत.

हळूहळू इसोजींची नजर अधू झाली. दर मंगळवारी डॉक्टर डोळ्यांत औषध घालत, त्यानंतर गाडी चालवता येत नसे, म्हणून ते बसनं जात. रविवारची आंघोळही बंद झाली. मी आपली बहुतेक दिवस ताडपत्रीखाली धूळ खात बसे; इसोजी कधीमधी बागेपर्यंत तेवढं न्यायचे. आणि यंदा माझी क्लचप्लेटच गेली. इंजिन नुसतं ओरडायचं, चाकं हलता हलत नसत.

ओबाता मेकॅनिकनं खाली वाकून पाहिलं. "दादा, प्लेट पार जळालीय. आता हिच्या प्लेटा बनत नाहीत. एका दुकानात शेवटची उरलीय, तिच्यावरही दुसरं गिऱ्हाईक टपलंय. घ्यायची तर आजच सांगा. नाहीतर ही भंगारात."

इसोजींनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "नको मागवूस. हिचा दोष नाही रे, माझ्या पायाचा आहे. डोळे गेले, आता पायही दगा देतोय. म्हातारी माणसं करतात तसा परवानाच पोलिसांना परत करून टाकतो."

खरं काय ते मला ठाऊक होतं, पण सांगणार कशी?

चिझुरूबाईंनी चहाचा ट्रे दाणकन ठेवला. "अहो, तुमच्या पायाला काही झालेलं नाही. क्लच मी जाळला."

"तू?"

"दर मंगळवारी. तुम्ही बसमध्ये चढलात, की हिला बंद शाळेच्या पटांगणात न्यायचे."

"हे नसते उद्योग कशाला?"

"उद्या तुम्हाला बागेत कोण नेणार? घरात कोंडून बसाल आणि माझं डोकं खाल!"

ओबाता खो खो हसला. "वहिनी, पाय क्लचवरच ठेवून चालवत होतात ना?"

"गाडी बंद पडेल अशी भीती वाटते रे."

इसोजींनी पुन्हा माझ्या बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "ओबाता, मागव ती प्लेट. परवाना मी परत करणारच आहे. पण बायकोला शिकवायला परवाना लागत नाही."

नव्या प्लेटवर पहिल्याच चढाला मी तीनदा बंद पडले.

"पाय हळू सोड... अगं, हळू!"

"ओरडू नका, इथंच उतरवीन!"

इसोजी पहिल्यांदाच डावीकडे बसले होते. अंधुक डोळ्यांनी समुद्राकडे बघत म्हणाले, "तुझ्या बाजूनं इतकं दिसतं होय? तीस वर्षं बोलली नाहीस!"

मित्रांनो, घरातली एखादी वस्तू झिजलेली दिसली, तर तिला लगेच भंगारात काढू नका. आधी विचारा, तिच्यावर कोण कुणासाठी काय शिकत होतं.