पेल्यावरचा पांढरा थर

रविवारची दुपार टळायला आली, तरी स्टीलच्या पेल्यावर बर्फाच्या थराचा पत्ता नव्हता. कांचन पार वैतागली होती. पहिलीच्या पोरांचा तर खेळ. पेल्यात कुटलेला बर्फ भरायचा, त्यात मूठभर मीठ ढवळायचं, थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून पांढरा थर धरतो, त्याचा व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर टाकायचा. बारा आयांचा सकाळीच टाकून झाला होता. त्यांचे हसरे चेहरे बघून कांचनचा आणखीच जळफळाट झाला.

उत्तरेतल्या चारबागच्या रेल्वे कॉलनीत धुक्याने समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, स्वयंपाकघरातली फरशी पायाला चावत होती. थंडीने तरी आणखी किती मदत करायची?

मागच्या महिन्यात कांचन ऑफिसात अडकली, म्हणून लेकीचा कागदी स्नोमॅन शेजारच्या श्रीवास्तव आंटींनी करून घेतला होता. वर्गात अवनीने सरळ सांगून टाकलं, "मेरी आई से नहीं होता." बाईंनी ते पालकसभेत हसत हसत ऐकवलं आणि कांचनच्या जिव्हारी लागलं. या खेपेला काही झालं तरी आंटींची पायरी चढायची नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्यांदा तिने आमटीत घालावं तसं चमचाभर मीठ घातलं. ते चुकलंच. दुसऱ्यांदा चांगलं मूठभर घातलं. पेल्याला घाम फुटला, की ती फडक्याने तो टिपून घ्यायची आणि पुन्हा वाट बघत बसायची. सांगलीला तिच्या आईच्या ओट्यावर ओलं भांडं ठेवायची कुणाची छाती नव्हती. तेच वळण हिच्या हाताला लागलेलं. तिसऱ्यांदाही तेच, पाणी आणि फडकं.

अवनी हळूच म्हणाली, "आई, आंटी के यहाँ चलें? उनसे हो जाएगा."

"मग तिकडेच जा राहायला," कांचन खेकसली. पोरीचा चेहरा उतरला. कांचनला स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचाही राग आला. फडकं खांद्यावर टाकून ती बाल्कनीत गेली आणि चार दिवस न वाळलेले कपडे उगाच या दोरीवरून त्या दोरीवर करत राहिली.

पंधरा मिनिटांनी आतून हाक आली. पेला तळापासून निम्म्यापर्यंत पांढराशुभ्र झाला होता, आणि अवनी नखाने त्यावर रेघा ओढत होती.

"काय केलंस गं?"

"कुछ नहीं. आप पोंछ देती थीं ना, वही तो जमता है."

कांचनने खांद्यावरचं फडकं काढून ठेवलं आणि मोबाइल धरला. अवनी वेणी पुढे घेऊन मोठ्या माणसासारखी बोलायला लागली. बर्फ कूटिए. एक मुट्ठी नमक डालिए. अच्छे से चलाइए.

"फिर," ती गंभीरपणे म्हणाली, "आई को किचन से बाहर भेज दीजिए."

पुन्हा काढू या, असं कांचनच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि व्हिडिओ आहे तसा ग्रुपवर टाकला.