कुलपवाल्याचा मकाव

“घरात पक्षी आहे का?” डॉक्टरांनी एक्स-रेवरून नजर न काढता विचारलं.

“मकाव आहे,” कुलपवाल्याची बायको म्हणाली. “मोठा पोपट असतो ना, निळा-पिवळा, तो. पंचवीस वर्षं झाली.”

“त्याच्या पिसांची बारीक धूळ यांच्या फुफ्फुसांत बसलीय. पक्षी घरात राहिला, तर हे राहणार नाहीत.”

गल्लीत सगळे त्या पक्ष्याला ‘साहेब’ म्हणत. अक्रोड एका चाव्यात फोडायचा, दाराची कडी चोचीने उघडायचा, ओरडला की नाक्यापर्यंत कळायचं. नवरा दुकानातून आला की साहेबाचे उघडे पांढरे गाल लाजल्यासारखे लाल व्हायचे. तिला मात्र तो सवत समजायचा. तीही त्याला काही वेगळं समजत नव्हती.

नवरा इस्पितळात असतानाच तिने साहेबाला शहराबाहेरच्या रोपवाटिकेत देऊन टाकलं. नवरा घरी आला आणि रिकाम्या दांडीसमोर थांबला.

“कुठंय?”

“चांगल्या जागी. झाडं आहेत भरपूर.”

“माझ्या हातचंच खातो तो.”

“पोटात कावळे ओरडले की खाईल. तुम्ही आधी नीट श्वास घ्या.”

पुढच्या आठवड्यात ती गुपचूप बघून आली. साहेबाने छातीवरची पिसं स्वतःच उपटली होती. खाली नुसती गुलाबी कातडी.

“ही जात एकच माणूस धरते, ताई,” रोपवाटिकावाला म्हणाला.

घरी येऊन तिने सांगितलं, “मजेत आहे. अंगाने भरलाय.”

नवऱ्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “बरं,” म्हणाला आणि भिंतीकडे वळला. त्यानंतर त्याने साहेबाचा विषय काढला नाही. औषधं निमूट घेतली, पण फार उशीर झाला होता. थंडी सरायच्या आत तो गेला.

पाहुणे पांगल्यावर ती रोपवाटिकेत गेली.

“तुम्हाला नको होता ना?” रोपवाटिकावाल्याने विचारलं. “तुमच्या अंगावर येतो. आणि अजून वीस-तीस वर्षं जगेल.”

“माहितीये. द्या.”

घरी तिने साहेबाला दांडीवर बसवलं आणि बदाम पुढे केला. त्याने बदाम सोडून बोट धरलं, हाडापर्यंत. ती ओरडली नाही. नळाखाली बोट धुतलं, चिंधी बांधली, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि दुसरा हात पुढे केला.