खातो कमी

चुंबळ ओलीच होती. काल संध्याकाळपासून खुंटीला टांगलेली, तरी ओली – जुन्या लुगड्याचा घट्ट पीळ, मध्ये भोक, कडेला मिठाची पांढरी रेघ – तुळसाने ती दोन्ही हातांनी पिळली. पाणी निघालं नाही, वास निघाला, आणि हा वास आपल्याच केसांचा आहे हे तिला पुन्हा एकदा कळलं. टाळूवर जिथे चुंबळ बसते तिथे आता केस उगवत नव्हते. अंबाडा जरा वर बांधला की ती जागा झाकली जायची, पण बोटांना ती रोज सापडायची... लेकीचे, शांतीचे केस मात्र दाट होते. शांती आत अजून निजली होती, एक पाय गोधडीबाहेर, आणि तिच्यासाठी एक लहान चुंबळ वळून ठेव असं सासू सारखी म्हणत होती. पोर दहाची झाली, मासळीची लहान पाटी सहज उचलेल, असं मंजुळाबाईचं म्हणणं. तुळसा तिला एवढंच म्हणाली होती की गाडी येऊ दे, मग बघू.

गाडी येऊ दे. त्या तीन शब्दांवर ती गेला पावसाळा आणि हा हिवाळा जगत होती. बैलगाडी आली की पाट्या गाडीत, आणि शांतीची टाळू शाबूत. एवढंच हवं होतं तिला, बाकी त्या गाडीचं कुणी काहीही करो.

आणि बाहेर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेले दोघे त्या गाडीचं बाकी सगळं काही करत होते. सासरा, महादेव, देवीच्या दर्शनाला गाडीतून जाणार होता. नवरा, धर्मा, गाडीच्या पुढच्या लाकडावर होडीवर असतात तसे डोळे रंगवणार होता. आणि मग धर्मा जे बोलला त्याने तिच्या अंगाचा तिळपापड झाला – गाडी आली की बायकांना सुख, असं तो म्हणाला, अगदी सहज, सणाला लुगडं आणल्यासारखं! सुख देतोय म्हणे. समुद्रातून मासळी काढून किनाऱ्यावर टाकली की वरळीच्या पुरुषाचं काम संपतं. तिथून पुढे मासळी बाईची, चालणं बाईचं, घासाघीस बाईची, आणि त्यातून आलेला पैका बाईच्या कमरेच्या पिशवीत. गाडी त्या पिशवीतून येणार होती. ही गोष्ट ते दोघे विसरले नव्हते, मुळीच नाही, म्हणून तर दुपारी परळला बैल बघायला तिलाही बोलावलं होतं. फक्त सगळं ठरल्यानंतर विचारायचं, एवढाच त्यांचा रिवाज होता.

पाटी डोक्यावर चढली आणि बोलणं मागे पडलं. माडांच्या बनातून दादरकडे जाताना तिच्या मानेला एक सवय होती, ती जरा डावीकडे कलायची, कारण पाटीतलं पाणी उजवीकडून गळायचं. बोंबलाचं पाणी, कोलंबीचं पाणी, कानामागून उतरून गळ्यावर, गळ्यावरून चोळीत. थंडीत ते असं लागायचं की... पण त्याचं काही नाही, त्याची सवय झाली होती. सवय झाली म्हणजे काय झालं, हे मात्र आज तिला कळेना. दादरला ठरलेल्या बिऱ्हाडी रमाबाईंनी नेहमीप्रमाणे पाटी ओट्यावर टेकू दिली नाही, ओटा घाण होतो म्हणाल्या, आणि डोक्यावरची पाटी तशीच धरून, गुडघे वाकवून, तुळसाने त्यांना कोलंबी निवडू दिली. त्या अगदी सावकाश निवडत होत्या. आज प्रथमच तिला वाटलं की पाटी इथेच या ओट्यावर उपडी करावी आणि चालू लागावं. तिने तसं केलं नाही. पण वाटलं, आणि वाटलेलं पुढे परळपर्यंत तिच्याबरोबर चालत आलं.

काल लालबागला दौलतचा बैल पाहून झाला होता. पांढरा, उंच, मान खाली घालून सारखा चरणारा. माणसं आली, पाठीवर हात फिरवू लागली, तरी त्याने कडब्यातून तोंड काढलं नाही. महादेवने त्याचं वशिंड दाबलं तेव्हा त्याने फुस्कारून म्हाताऱ्याला चार पावलं मागे हटवलं. दौलतची गाडी जुनाट, तळाच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी. हा तर आपलं घर खाईल, असं धर्मा म्हणाला होता, आणि सगळे हसले होते. तीसुद्धा हसली होती.

रघु गाडीवानाचं आवार परळला गिरणीच्या भिंतीमागे होतं. गिरण्यांच्या नव्या बांधकामावर तो चुना वाहत असे. आता त्याने दोन बैलांची मोठी गाडी केली होती, म्हणून एका बैलाची ही जुनी बैलासकट विकायची होती. दोघे बापलेक तिच्या आधी येऊन पोचले होते आणि महादेव गाडीखाली उताणा पडला होता. चुना सांडू नये म्हणून तळ असा घट्ट बसवला होता, वरून पत्राही ठोकलेला, की म्हातारा हरखून गेला. त्याने रघूकडे घागरभर पाणी मागितलं. रघूला वाटलं प्यायला हवंय. म्हाताऱ्याने ते गाडीत ओतलं आणि पुन्हा खाली शिरून वर बघत राहिला – एक थेंब नाही. धर्माने तळावर थाप मारली, आवाज ऐकला, मान हलवली. आणि तुळसालासुद्धा, अगदी खरं सांगायचं तर, क्षणभर बरं वाटलं; घरात जे जे लाकडाचं ते पाणी आत घेतं की नाही, एवढंच जन्मभर बघत आलेली माणसं आम्ही... मग तिला ते गाडीत साचलेलं पाणी दिसलं. पत्र्यावर उभं, हलणारं, त्यात गिरणीचं धुराडं उलटं दिसणारं. आणि तिचा हात आपोआप मानेवर गेला.

"मासळीचं पाणी कुठं जाणार?" ती म्हणाली.

कुणाला समजलंच नाही. तिला पुन्हा सांगावं लागलं, की पाट्या गळतात, दिवसभर गळतात, आणि या गाडीत ते सगळं साचून वरच्या मासळीचा चिखल होईल. रघु हसला. त्यात काय, म्हणाला, खिळ्याने चार भोकं पाडा. आणि महादेव, जो सत्तरीतही वादळात होडी घालायला भ्यायचा नाही, तो गाडीखालून बाहेर आला आणि त्याचा चेहरा खरोखर घाबरलेला होता.

"धड बुडाला भोक पाडायचं? डोकं फिरलं काय गो तुझं?"

ही गाडी आहे, समुद्रात जायची नाही, हे त्याला धर्माने समजावलं, पण धर्माच्याही आवाजात जोर नव्हता. तुळसाला हसू यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं ते पाणी माझ्या मानेवरून गेलं तेव्हा ते कुठं जातं असं या घरात एकाने विचारलं नाही, आणि आज एका फळीची एवढी काळजी!

मग बैल. तांबूस, लहानखुरा, पोटाखाली सावलीसुद्धा बारीक. मानेवर जिथे जू बसतं तिथे कातडी काळी, गुळगुळीत, एकही केस नाही. तिने त्या जागेला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. धर्मा बैलाच्या डोळ्यांत वाकून बघत होता, पापलेटाच्या डोळ्यांत बघावं तसं, आणि डोळा चकचकीत आहे म्हणून खूश होता. दातांकडे कुणी बघितलं नाही, तिनेही नाही, ते कसे बघायचे हे त्यांच्यापैकी कुणाला ठाऊक होतं!

"जनावर गुणाचं आहे, पाटील," रघु महादेवला म्हणाला. "खातो कमी, चालतो जास्त. आणि तोंडातून आवाज नाही."

महादेवने मान डोलावली. रघूच्या तोंडचे शब्द त्याने पुन्हा स्वतःच्या तोंडाने म्हटले – खातो कमी, चालतो जास्त – चव घेतल्यासारखे, आणि तुळसाने वळून त्याच्याकडे पाहिलं. हे मी ऐकलंय. हाच आवाज, हीच मान. माहीमला, बापाच्या अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या दोऱ्यांखाली... म्हातारा तेव्हा म्हातारा नव्हता, काळ्या दाढीचा होता. त्याने तिला भरलेली पाटी उचलायला सांगितली होती, पाण्यापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं होतं, आणि ती गेली होती, परत आली होती, पाटीला हात न लावता, दिमाखात. नंतर जेवणं झाली. तिने अर्धी भाकरी खाल्ली, लाजेने, दुसरं काही नाही. आणि त्याने तिच्या बापाला सांगितलं – पोर खाते कमी, उचलते जास्त, आम्हाला पसंत आहे. सगळे हसले. मी का हसले तेव्हा? मला केवढा अभिमान वाटला होता! त्या अर्ध्या भाकरीचा. मी ती अर्धी भाकरी इतकी वर्षं खात आले, या घराला वाटतं ती माझी भूकच आहे.

गोठ्याच्या दाराशी गवत पडलं होतं. तिने मूठभर उचललं आणि बैलासमोर धरलं. त्याची नाकपुडी हलली, ओठ पुढे आले, आणि मग तो थांबला. त्याने मान वळवली, रघूकडे पाहिलं. रघु महादेवशी बोलत होता, त्याचं लक्ष नव्हतं. तेव्हा कुठे बैलाने गवत घेतलं, आणि असं घेतलं की तिच्या बोटांना त्याची खरखरीत जीभ लागली, मूठ रिकामी झाली तरी जीभ बोटं शोधत राहिली.

उद्या सांगतो, असं धर्मा म्हणाला. म्हणजे उद्या बायको कमरेची पिशवी सोडेल, असं. वाटेत दोघे खुशीत होते. दौलतचा बैल दिवसाला जेवढं खातो तेवढ्यात ह्याचे किती दिवस निघतील याचा हिशेब चालला होता, आणि ती रिकामी पाटी काखेत मारून मागून चालत होती, आणि तिला राग येत होता. रघूचा राग, ज्याने त्या जनावराला खाण्याआधी परवानगी मागायला शिकवलं. म्हाताऱ्याचा राग. धर्माचाही, ज्याने कधी हात उगारला नाही, कधी उलट बोलला नाही, आणि कधी विचारलंही नाही. दौलतचा तो पांढरा बैल तिला आठवत होता, कुणाची पर्वा न करता चरणारा, आणि काल आपण त्याला हसलो याची तिला लाज वाटत होती. मी दौलतचाच घेणार. खाऊ दे त्याला घर. पण मग तो तांबडा तिथेच राहील, गिरणीच्या भिंतीमागे, आणि दुसरा कुणीतरी येईल ज्याला कमी खाणारा हवा असेल... तिला एकाच वेळी दोन्ही बैल हवे होते आणि एकही नको होता.

दिवेलागणीला पानं मांडली. पुरुषांची जेवणं आटोपली, मग मंजुळाबाई, शांती आणि ती चुलीपाशी बसल्या. सासूची मान आता सरळ होत नसे. बोलायला ती सगळं अंग वळवायची. तिलाही कधी कुणीतरी अंगणात उभं करून पाटी उचलायला लावलं असेल, हे तुळसाच्या मनात आजवर आलं नव्हतं. मंजुळाबाई बैलाविषयी ऐकून समाधानी होती. कमी खाणारं जनावर घरात लक्ष्मी घेऊन येतं, असं काहीसं ती म्हणाली, आणि मग शांतीच्या पाठीवरून हात फिरवत, लाडाने, अगदी मनापासून म्हणाली की आमची शांतीसुद्धा तशीच गुणाची.

शांतीच्या पानातली अर्धी भाकरी संपली होती. टोपलीत अजून भाकऱ्या होत्या, गरम, त्यांचा वास चुलीभोवती भरून राहिला होता. पोरीचा हात टोपलीकडे गेला, आणि मध्येच थांबला. तिने आजीकडे पाहिलं.

तुळसाच्या हातातला घास हातातच राहिला. तिने टोपली ओढली, एक अख्खी भाकरी शांतीच्या पानात टाकली, वर कालवण ओतलं, इतकं की ते पानाबाहेर गेलं.

"खा. कुणाकडं बघू नको."

आवाज तिला वाटला त्याहून मोठा आला असावा, कारण बाहेर ओट्यावरचं बोलणं थांबलं. शांतीने घाईघाईने भाकरी मोडली, घास तोंडात घातला, चावला. आणि मग मान वर करून तिने आईकडे पाहिलं – बरोबर खातेय ना, अशा नजरेने, अगदी आज्ञाधारक.

राग तिथेच होता, दुपारइतकाच, पण आता त्याला जायला जागा नव्हती. रघु परळला होता, म्हातारा बाहेर होता, आणि पोर तिच्याकडे बघत होती. तुळसाने नजर खाली घेतली. तिने स्वतःसाठी दुसरी भाकरी घेतली, जी ती कधीच घेत नसे, आणि खायला लागली. भूक होती की नव्हती ते तिला ओळखता येईना. मंजुळाबाई अंग वळवून तिच्याकडे बघत राहिली. दौलतचा की रघूचा, हे उद्या सांगायचं होतं, आणि ती चावत होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती – तो तांबडा बैल आणला, दारात बांधला, पुढ्यात हवं तेवढं गवत टाकलं, तर खाण्याआधी मान वळवून तो कुणाकडे बघेल... माझ्याकडेच बघेल तो.