टाकीवरचं नाव

मी एक जुनी मोटारसायकल आहे. मित्रांनो, आधीच सांगते, मी काही गोड स्वभावाची नाही. माझ्या शेजारी एक पिवळी गाडी उभी असते आणि तिला पाहिलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का होतो ते ऐका, मग खुशाल नावं ठेवा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालबुंद होते. कल्याणला खाडीकाठच्या एका कोळी घराने मला घेतलं. घरधनी मोरू मला मासळीच्या टोपल्या बांधायचा आणि बंदराच्या निसरड्या उतारावरून बाजारात न्यायचा. बर्फाचं पाणी, खवले, चिखल, सगळं मी अंगावर झेललं. तो वास आजही गेलेला नाही. मोरू वारला, तेव्हा त्याच्या मुलाने, दर्शनने, माझा ताबा घेतला. त्याने माझा दिवा काढला, मडगार्ड काढलं, पुढचा ब्रेकसुद्धा काढला. मला वाटलं, आता भंगारात रवानगी. पण मी निघाले होते शर्यतीला!

डोंबिवलीच्या पलीकडे एका माळावर मातीची लंबगोल धावपट्टी आहे. तिथे गाड्या फक्त डावीकडे वळतात, त्याही मागचं चाक घसरवत. स्वार डाव्या बुटाखाली पोलादी पत्रा बांधतो आणि तो पाय जमिनीवर घासत नेतो. हा सगळा पसारा वर्तकनगरचे भाऊ मांडतात. ते निवृत्त इंजिनियर आहेत आणि नियमांच्या बाबतीत भलतेच कडक आहेत. त्यांनी तीन गट केले आहेत. नवशिक्यांना नुसता कप. हौशी गटात जमलेल्या प्रवेश फीमधून पहिल्या तिघांना वाटा. आणि खुल्या गटात खरं बक्षीस, पहिल्याला दहा हजार रुपये. नवशिक्यांत दोनदा जिंकलं की त्या स्वाराने वर जायचंच, पुन्हा खाली उतरायचं नाही.

मी दर्शनला नवशिक्यांचे दोन कप मिळवून दिले. त्यातल्या एकात त्याची आई मनुबाई मीठ ठेवते. मग हौशी गटातही आम्ही जिंकू लागलो. दर्शन ते पैसे साठवत होता. मी मनात मांडे खात होते, की आता मला नवे टायर येणार, रंग लागणार. आणि आली ती पिवळी! तेल मी गाळलं आणि पहिला हप्ता तिचा भरला गेला.

मनुबाईने तिची पूजा केली ती अगदी नव्या होडीसारखी. नारळ फोडला, झेंडूचा हार घातला आणि रंगाऱ्याकडून टाकीवर ठसठशीत नाव लिहून घेतलं, 'दर्याची राणी'. आमच्या घरात होडीला नाव असतं. मला मात्र इतक्या वर्षांत कुणी नाव दिलं नव्हतं. मी आपली 'ती जुनी'. मला फक्त दोनच गोष्टी हव्या होत्या, टाकीवर एक नाव आणि सीटवर दर्शन. पिवळीने दोन्ही पटकावल्या.

माझ्या वाट्याला आली निशा, दर्शनची धाकटी बहीण. कॉलेजातून आली की ती माझी चेन पुसायची, तेल घालायची आणि किक मारून माझा आवाज ऐकत बसायची. माझं तिच्याकडे लक्षच नसे. दिवा काढला असला तरी माझा डोळा सारखा पिवळीवर.

गेल्या हंगामातल्या एका रविवारी आम्ही दोघी माळावर होतो. निशाने माझ्यावरून नवशिक्यांची पहिली शर्यत जिंकली होती आणि तिची फायनल तेवढी राहिली होती. त्याआधी खुल्या गटाची फायनल होती. पिवळीच्या हँडलला मनुबाईने ताजा हार घातला होता. दर्शन तो काढायला गेला, तशी ती ओरडली.

"हात नको लावू! होडीचा हार आपण काढतो काय? पाण्यानं नेला तरच जायचा."

"अगं आई, इथे कुठलं पाणी?"

"मग राहू दे तसाच."

आईपुढे कोण बोलणार? पिवळी हारासकट सुटली. पहिल्याच वळणावर हार तुटला, मागे उडाला आणि त्याचा दोरा चेनमध्ये गुरफटला. पिवळी खट्कन थांबली, ती भर वाटेतच. लाल झेंडा फडकला. शर्यत पुन्हा सुरू होणार होती, पण पिवळीची चेन तुटली होती. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

भाऊंनी कर्ण्यावरून सांगितलं, "दर्शन, दुसरी गाडी असेल तर आणा. मात्र खुल्या गटात उतरलेली गाडी आज पुन्हा नवशिक्यांत चालणार नाही. नियम तो नियम."

दर्शनने निशाकडे पाहिलं. ती हेल्मेट घालून दोरीपाशी तयार उभी होती.

"घेऊन जा, दादा," ती म्हणाली.

"अगं, तुझी फायनल?"

"तुझ्यात पैसे आहेत. माझ्यात नुसता कप."

दर्शन माझ्यावर बसला! आतल्या वळणावर धूळ बसवायला टँकरने जास्त पाणी मारलं होतं. जड गाड्या तिथे बाहेर फेकल्या जात होत्या. मी बंदराच्या चिखलात वाढलेली, आतून सुळकन निघाले. आमचा तिसरा नंबर आला, दोन हजार रुपये मिळाले. लोक टाळ्या वाजवत होते. आता तरी नाव मिळेल, असं मला वाटलं.

दर्शन उतरला, धावत पिवळीकडे गेला आणि म्हणाला, "सुटलो! हिच्या नव्या चेनची सोय झाली."

मित्रांनो, माझ्या इंजिनाला एवढा चटका कधी बसला नव्हता. तेवढ्यात कुणीतरी माझ्यावरचा चिखल पुसू लागलं. ती निशा होती. तिचं हेल्मेट अजून डोक्यावरच होतं आणि काचेआड डोळे लाल झाले होते. नवशिक्यांची फायनल तिच्यावाचून सुरू झाली होती. इतके दिवस मी ज्याच्यासाठी जळत होते, तो पिवळीपाशी बसला होता आणि जी आपला कप सोडूनही माझा चिखल पुसत होती, तिला मी धड ओळखतही नव्हते. मला फार वाईट वाटलं.

मनुबाई सगळं बघत होती. घरी आल्यावर तिने पिवळीच्या नावाचा उरलेला रंग निशापुढे ठेवला.

"आजपासून ही तुझी. नाव घाल तिला."

"काय घालू?"

"होडीला घरच्या पोरीचं नाव देतात. लिव तुझंच."

निशाने माझ्या टाकीवर 'निशा' लिहिलं. अक्षरं जरा डावीकडे कलली आहेत, पण माझं सगळंच डावीकडे कलतं.

तेव्हा मित्रांनो, गाडीला हार जरूर घाला, पण शर्यतीआधी काढा. आणि घरातल्या जुन्या गाडीची चेन रोज कोण पुसतं ते एकदा बघून ठेवा. शर्यतीच्या दिवशी त्याला खाली उतरवू नका.

पिवळी हल्ली माझ्या टाकीकडे टक लावून बघते. तिचं नाव रंगाऱ्याने लिहिलंय. बघू दे.