न आलेली चक्कर

मल्हार शेळगावचा. बारामतीच्या एका डेअरीत गाई भरवायच्या, म्हणजे कृत्रिम रेतनाच्या कामावर होता, म्हणून सणसरपासून पिंपळीपर्यंत सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, सहा महिन्यांचा कोर्स केलेला होता. पण कुणी ‘ओ डॉक्टर’ म्हणून हाक मारली की तो गाडी थांबवून वळून बघायचा.

दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर मोटारसायकल चालायची. कालव्याच्या कडेनं, उसाच्या गाड्यांनी खड्डे पाडलेल्या रस्त्यांनी, पाटाच्या चिखलातून. एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं तंबाखू मळायची त्याला सवय होती. आपल्यासारखी गाडी तालुक्यात कुणाला येत नाही, असं त्याला मनापासून वाटायचं. मुलूख सगळा सपाट. चढ म्हणजे कालव्याच्या पुलाचा आणि उतारही त्याच पुलाचा, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

चौऱ्याण्णव सालच्या कार्तिकात तो आपल्या आत्याला घेऊन शिखर शिंगणापूरला गेला. बानूबाई त्याच्या वडिलांची थोरली बहीण. आई लवकर गेल्यामुळं तिनंच त्याला वाढवलेलं. घरात पूर्वी तीनशे मेंढरं होती. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पाऊस लागायच्या आत माघारी यायचं, यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. पुढं कालव्याचं पाणी आलं, रानात ऊस उभा राहिला, मेंढरं गेली. बानूबाईनं चार शेरड्या तेवढ्या ठेवल्या. वय पासष्टच्या पुढं, पण रोज त्यांच्यामागं कालव्यानं चार-पाच मैल चालायची.

नीरेचा पूल ओलांडून नातेपुत्याहून वर घाट चढताना काही त्रास झाला नाही. नऊवारी लुगडं, त्यामुळं ती घोड्यावर बसल्यागत दोन्हीकडं पाय टाकून ताठ बसलेली. दर्शन झालं, भाकरी खाल्ली, आणि दोनच्या सुमाराला ते उतरायला निघाले. उतार लागला तसा मल्हारनं गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि किल्ली बंद केली.

“का रं, बंद पडली?” बानूबाईनं विचारलं.

“पडली न्हाय आत्ती, पाडली. उताराला कशाला पेट्रोल जाळायचं? आपोआप जातीया.”

“आपोआप जाणारं आपल्या हातात ऱ्हात न्हाय, मल्हारी. आमी कोकणात उतरायचो तवा वझ्याच्या घोड्याला शेपटीकडनं धरायचो. चढापरास उतारालाच जास्त जोर लागतो. चालू कर ती.”

मल्हार हसला. “आत्ती, ही घोडी न्हवं, मोटारसायकल हाय.”

पहिलं वळण बरं गेलं. दुसऱ्याला गाडी थोडी बाहेर गेली. इंजिनाचा आवाज नव्हता, नुसता वारा कानात घोंगावत होता. त्यानं मागच्या ब्रेकवर पाय ठेवला तो ठेवलाच, उचललाच नाही. पुढच्या ब्रेकची तार महिनाभर सैल होती. सपाटीला तिची गरज पडायची नाही म्हणून त्यानं ती आवळलीच नव्हती. जळक्या रबरासारखा वास यायला लागला.

“हळू, बाळा,” बानूबाई म्हणाली आणि त्याचा खांदा घट्ट धरला.

तिसऱ्या वळणाच्या तोंडावर पाय ब्रेकवरून नुसता खाली गेला, गाडी धरेना. पाय गिअर शोधायला लागला, पण सापडेना. हात किल्लीकडं गेला. तेवढ्यात समोरून एसटी आली. एका बाजूला एसटी, पलीकडं दरी. मल्हारनं हँडल डोंगराकडं ओढलं. गाडी गटाराच्या दगडांवर आडवी झाली. त्याचा गुडघा सोलला. बानूबाई मात्र पुढं फेकली गेली, डोकं आणि कंबर दगडावर आपटली, आणि ती हलेना.

एसटीतली माणसं उतरली. मागनं रिकामा ट्रक घेऊन सणसरचे दत्तोबा येत होते. पन्नाशीचा माणूस, अंगानं रुंद, बोलायला कमी. त्यांनी बानूबाईला उचलून केबिनमध्ये झोपवलं. मोटारसायकल मागं चढवताना त्यांचा हात मागच्या चाकाच्या ब्रेक-ड्रमला लागला तसा त्यांनी झटकन मागं घेतला. मग किल्लीकडं बघितलं.

“किल्ली कुणी बंद केली?”

“मीच. आत्ता, पडल्यावर,” मल्हार म्हणाला.

दत्तोबांनी त्याच्याकडं बघितलं आणि ट्रक चालू केला. सगळा घाट ट्रक घुमत, कण्हत, बैलगाडीच्या चालीनं उतरला.

नातेपुत्यात मलमपट्टी झाली, तिथून बारामतीला हाडांच्या डॉक्टरांकडं नेलं. खुबा मोडला होता. ऑपरेशन करावं लागलं. बानूबाईचा मुलगा सिद्धू धावत आला. सिद्धू मल्हारहून दहा वर्षांनी मोठा, शेती करणारा, शांत माणूस. त्यानं एवढंच विचारलं, “कसं झालं रं?”

खरं सांगायला मल्हारनं तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते वेगळंच.

“वळणावर आत्तीला चक्कर आली, दादा. तिनं हात सोडला. तोल गेला माझा.”

मल्हार डॉक्टरच म्हणतोय म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. पिंपळीपासून शेळगावपर्यंत तीच गोष्ट झाली. भेटायला येणाऱ्या बायका उशाशी बसून म्हणायच्या, “या वयात कशाला बसायचं गाडीवर?” बानूबाई नुसती ऐकायची. डोक्याला मार बसल्यामुळं तिला देवळाच्या पायरीवर भाकरी खाल्लेली आठवत होती, त्यापुढचं काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीला पाणी देताना मल्हारच्या बायकोनं, दिपालीनं, त्याच्या उजव्या खांद्याकडं बघितलं. तिथं चार नखं रुतलेली होती, रक्त साकळून काळं पडलेलं.

“हात सोडला म्हणता न्हवं आत्तींनी?”

“पडताना लागलं असंल,” मल्हार म्हणाला.

दिपालीनं तांब्या खाली ठेवला आणि ती आत गेली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि तिचं ते न विचारणंच त्याला टोचत राहिलं.

दीड महिन्यात बानूबाई काठी घेऊन उठली. पण आता ती चक्कर येणारी बाई झाली होती. सिद्धूनं तिला गोळ्या चालू केल्या. विहिरीकडं जायचं नाही, कालव्याकडं तर मुळीच नाही. अंगणातून बाहेर पडायला लागली की नात आडवी यायची, “आजे, तुला चक्कर यील.” माघात सिद्धूनं तिच्या चारी शेरड्या बाजारात नेऊन विकल्या. “कालव्याकडंला चक्कर आली तर कोण बघायला हाय?” तो म्हणाला. बोलण्यात काळजीच होती. त्या दिवशी मल्हार तिथंच होता. शेरड्या टेम्पोत चढवताना एक ओरडत होती, आणि बानूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. मल्हारनं टेम्पोचं फळकं लावायला मदत केली.

शिमग्याच्या सुमाराला एकदा तो तिच्या गोळ्या द्यायला गेला. घरात दुसरं कुणी नव्हतं. बानूबाईनं त्याला जवळ बसवलं.

“मल्हारी, एक इचारू? मी खरंच सोडला का रं हात?”

मल्हारनं गोळ्यांचं पाकीट तिच्या उशाशी ठेवलं.

“आठ-आठ दिसाची लेकरं पाठीला बांधून घाट उतरलेय मी. कवा पाय घसरला न्हाय. आता काय बी आठवंना. तू बी पडला असतास माझ्यापायी. तुला काय झालं असतं तर दिपालीला काय तोंड दावलं असतं?”

“व्हय आत्ती,” मल्हार म्हणाला. “सोडला. पण तुझी चूक न्हाय त्यात. वयामुळं हुतं.”

तिनं मान हलवली आणि त्याच्या सोललेल्या गुडघ्यावरून, जिथं आता नुसता डाग होता, हात फिरवला. मल्हार उठून बाहेर आला. गाडीला किक मारली नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत त्यानं गाडी हातानं ढकलत नेली.

चैत्रात सणसरहून निरोप आला, गाय माजावर आहे. तो गेला, तर गोठ्याच्या दारात दत्तोबा उभे. आपण त्यांच्याच घरी आलोय हे तोवर त्याला माहीत नव्हतं.

“म्हातारी कशी हाय?” दत्तोबांनी विचारलं.

“बरी हाय, तात्या. चक्करीच्या गोळ्या चालू हायत.” सवयीनं तोंडातून गेलं.

“चक्करीच्या? तिला कुठली चक्कर?”

मल्हारनं पिशवी खाली ठेवली.

“गाडी न्यूट्रलमंदी हुती. किल्ली बंद. ड्रम हात लावू देत न्हवता,” दत्तोबा सावकाश म्हणाले. “मी तवाच बघितलं. म्हटलं, पोरगं घाबरलंय, घरच्यांना सांगंल. तू त्या बाईवर घातलंस व्हय?”

गोठ्यात गाय हंबरली.

“तीस वर्सं ट्रक चालवतोय मी. ज्या गिअरात घाट चढला, त्याच गिअरात उतरायचा. ब्रेक दाबून धरायचा न्हाय, धरायचा आन् सोडायचा. वळणाच्या आधी हळू व्हायचं, वळणात न्हाय. हे मला बी कुणी शिकवलं न्हवतं. खंबाटकीला ट्रक घातला मी डोंगरात. माझा क्लिनर जायबंदी झाला. पण त्याच्या बापाच्या म्होरं जाऊन सांगितलं, की चूक माझी हाय. त्यानं दोन मुस्काटात दिल्या. खाल्ल्या.”

मल्हारनं पिशवी उचलली आणि तो गाईकडं वळला. दत्तोबा आडवे आले.

“आज ऱ्हाऊ दे. गाय फुडच्या खेपंला भरवू. जा तू.”

सणसर ते शेळगाव किती वेळात आला हे त्याला कळलं नाही. ऊन उतरत होतं. सिद्धूच्या अंगणात सगळे होते. सिद्धू औताला दोर बांधत होता, बानूबाई बाजेवर बसली होती, दिपालीही तिथंच लसूण निवडत होती. मल्हार गाडीवरून उतरला आणि उभ्याउभ्याच बोलला. बसून सांगायला गेलो तर पुन्हा दुसरंच काही तोंडातून येईल, अशी त्याला भीती वाटली.

“दादा, आत्तीला चक्कर आली न्हवती. मी गाडी बंद करून उतारावर सोडली. ती चालू कर म्हणली हुती, मी ऐकलं न्हाय. पुढचा ब्रेक सैल हुता, मागचा तापून गेला. तिनं हात सोडला न्हाय. शेवटापातुर धरला हुता. माझ्या खांद्यावर तिची नखं हुती.”

सिद्धूच्या हातातला दोर तसाच राहिला. मग तो उठला. मल्हारला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण सिद्धू त्याच्या शेजारून चालत गेला आणि रानाच्या वाटेला लागला.

बानूबाईनं आपल्या हाताच्या बोटांकडं बघितलं.

“म्हंजे मी सोडला न्हवता.”

“न्हाय आत्ती.”

“मग शिमग्याला मी इचारलं तवा?”

मल्हार तिच्या पाया पडायला वाकला. तिनं पाय मागं घेतले.

“पाया नगं पडू. पाच म्हैनं मी माझ्याच अंगाला भीत हुते. उठताना भिंत धरायची, पाणी वाढताना हात थरथरायचा. पडले त्याचं काय न्हाय रं, माणूस पडतंच. पर तू मला माझ्याच मनातनं उतरवलीस.” तिचा आवाज चढला नव्हता. “ज्याला ज्याला चक्कर सांगितलीस, त्याच्या दारात जाऊन हे सांग. मग ये माझ्याकडं.”

तो गेला. पंधरा दिवस लागले. दिपाली दोन-तीन ठिकाणी त्याच्याबरोबर आली, नुसती उंबऱ्याशी उभी राहिली. कुणी “जाऊ द्या डॉक्टर, हुतं असं” म्हणायचं. ते ऐकणं सगळ्यात अवघड. पिंपळीच्या दूध संकलन केंद्रावर पंधरा-वीस माणसांसमोर तो बोलला, तर जोतीराम म्हणून एकजण खदखदून हसला. “उताराला आमी समदीच बंद करतो की! पेट्रोल किती वाचलं तेवढं सांगा.” सगळे हसले. मल्हार कॅनच्या ओळीशेजारी उभा राहिला. हसणं थांबल्यावर त्यानं सांगितलं, “कपभर बी न्हाय.” त्यानंतर तिथं त्याला डॉक्टर म्हणताना काहीजण गालात हसायचे.

गोळ्या बंद झाल्या. बानूबाई काठी टेकत कालव्यापर्यंत जायला लागली. विकलेल्या शेरड्या कुठल्या परत मिळणार? मल्हारनं दोन करडं आणून बांधली. तिनं ती ठेवून घेतली, पण मल्हारशी कामापुरतंच बोलायची. सिद्धू तेवढंही बोलत नव्हता. समोर आला तर बाजूनं निघून जायचा.

पुढच्या कार्तिकात बानूबाईनंच शिंगणापूरचं काढलं. सिद्धूनं जीप ठरवली. जीपमध्ये जागा पुरेना, म्हणून मल्हार आणि दिपाली मोटारसायकलवर निघाले. आदल्या दिवशी त्यानं दोन्ही ब्रेक आवळून घेतले होते, तार नवी टाकली होती.

उतरताना जीप पुढं गेली. मल्हारनं गाडी दुसऱ्या गिअरात ठेवली. इंजिन मागं ओढत, घुमत होतं. तो ब्रेक धरत होता आणि सोडत होता. वळणाच्या आधी हॉर्न देत होता, डावी कड सोडत नव्हता. दोन-तीन गाड्या बंद इंजिनानं सूं करत शेजारून गेल्या. एकजण ओरडला, “ढकलू का, पावणं?”

तिसरं वळण दिसलं तशी मल्हारनं गाडी कडेला घेतली. उतरला. गटाराचे दगड तेच होते. दिपाली खाली उतरून उभी राहिली. एक एसटी वर गेली, तिची धूळ दोघांच्या अंगावर बसली.

“चालत जायाचं का इथनं?” तिनं विचारलं.

“न्हाय,” तो म्हणाला. पण लगेच हललाही नाही. बऱ्याच वेळानं त्यानं गाडी चालू केली, पहिला गिअर टाकला, आणि ते वळण तो माणसाच्या चालीनं उतरला.

खाली टपरीवर जीप थांबली होती. बानूबाई पुढच्या सीटवर बशीतून चहा पीत होती. सिद्धू रस्त्यात उभा राहून घाटाकडं बघत होता. मल्हारची गाडी जवळ आली तसा तो दोन पावलं पुढं झाला, त्यानं चाकांकडं बघितलं, मग दिपालीकडं.

“लई येळ लावलास,” सिद्धू म्हणाला.

“व्हय दादा,” मल्हार म्हणाला. “सावकाश आलो.”

सिद्धूनं टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले आणि तो जीपकडं वळला.