काट्याला न कळलेलं वजन

मित्रांनो, मी गुरं तोलणारा काटा आहे. म्हातारा झालो, तरी एक गोंधळ माझ्या डोक्यातून गेलेला नाही. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या वाळूच्या टेकड्यांत, ऑर्वल कोझिशेकच्या गोठणीच्या तोंडाशी माझा जन्म गेला. ओकच्या फळ्या, लोखंडी दांडी आणि तिच्यावर सरकणारं पितळी वजन, एवढाच माझा देह.

ऑर्वलला माझी गरज नव्हती. तो वासरं नजरेनेच तोलायचा. मला आणलं त्याच्या मुलीने, आर्डिसने. ती कॉलेजात गुरांचं शास्त्र शिकत होती. मांसासाठी पाळलेल्या गायीचं दूध कोणी काढत नाही. तिने वर्षभर काय केलं, ते वासराच्या अंगावरच दिसतं, असं ती म्हणे. म्हणून दर ऑक्टोबरात दूध तोडलेली वासरं एकेक करून माझ्यावर चढत आणि ती वहीत आकडा लिही.

पहिल्याच वर्षी मी चक्रावलो. एका वासराचे मी पाचशे दहा पौंड दाखवले, दुसऱ्याचे चारशे ऐंशी. आर्डिसने दुसऱ्यालाच सरस ठरवलं. ते तीन आठवडे उशिरा जन्मलेलं आणि त्याची आई पहिलारू, दुधाला कमी, म्हणून म्हणे. सगळ्यांचं वय दोनशे पाच दिवस धरून हिशेब करायचा असतो. मला फार वाईट वाटलं. मी खोटं बोललो होतो का?

ऑर्वल मात्र खूश झाला. पोरगी काट्यालाही खोटं पाडते, असं तो शेजाऱ्यांना सांगत सुटला. त्याने आर्डिसला शब्दही दिला की यापुढे वहीत असेल तेच खरं. ज्या गायीच्या नावावर वासरू नाही, ती ट्रकमध्ये जाणार.

तीन वर्षांनी ट्रक आला तेव्हा विक्रीच्या कुंपणात एकतीस नंबरची गाय उभी होती. पांढऱ्या तोंडाची, वयस्कर. वहीत तिच्यापुढे लिहिलं होतं, ‘वासरू मेलं, मार्च’.

तेवढ्यात एक गोऱ्हा माझ्यावर चढला. पाचशे चाळीस पौंड! त्या दिवसातला सगळ्यांत भारी. कानात बिल्ला आईच्या नंबरचा, अठ्ठ्याऐंशीचा. पण तो माझ्यावर उभा राहून हंबरला आणि ओ दिली ती कुंपणातल्या एकतीसने. अठ्ठ्याऐंशी पलीकडे निवांत चरत होती. तिने मानही वळवली नाही. गोऱ्हा इतका नाचला की माझी दांडी ठरेना. मला वाटलं, आपलंच काहीतरी बिघडलं.

आर्डिसची पेन्सिल थांबली. "डॅड, ही का ओरडतेय?"

ऑर्वलने टोपी मागे सारली. "तिचाच तो. अठ्ठ्याऐंशीला जुळी झाली, एकाला तिने लाथेने झिडकारलं. त्याच दिवशी हिचं गेलेलं. मी मेलेल्याचं कातडं ह्याच्या पाठीवर बांधलं, हिने हुंगलं, आपलंच समजून पाजलं."

"मग बोलला का नाहीस? मी तिला ट्रकवर घालायला निघाले होते!"

"मला वाटलं, तू ते धरलं असशील," तो खाली बघत म्हणाला. "तू सगळंच धरतेस. वय धरतेस, आईचं वय धरतेस. म्हटलं, एवढं सगळं धरूनही म्हातारी नापास झाली असेल. मला त्यातलं काय कळतंय?"

आर्डिसच्या वहीत ‘आई’ असा एकच रकाना होता. मग तिने पट्टी ठेवून शेजारी दुसरी रेघ ओढली, वर लिहिलं, ‘पाजणारी’, आणि खाली एकतीस. ट्रकवाला खोळंबून भोंगा वाजवत होता. ऑर्वलने कुंपणाचं फाटक उघडलं आणि एकतीसला परत कुरणात सोडलं.

आता माझ्या जागी आकडे लखलखणारं यंत्र आलं आहे आणि मी गंजत पडलो आहे. आर्डिस कधीमधी दांडीला तेल लावते, तेवढ्याने मला बरं वाटतं. पण मित्रांनो, त्या पाचशे चाळीस पौंडांत एका आईचे किती आणि दुसरीचे किती, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही कोणाला तोलाल, तेव्हा आकडा जरूर लिहा. फक्त लिहिण्याआधी क्षणभर थांबा आणि त्याच्या हाकेला ओ कोण देतं, तेवढं ऐका.